हवामानाचे कॉलेज कुठे असते?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत बेळगावचा कुंदा घेऊन इंदूरला अक्काकडे गेलो होतो. होळकरांच्या काळापासून तिथे वसलेल्या मराठी घरांपैकी एका घरात तिला दिली आहे. घरात मराठी, दारात हिंदी आणि माहेरी फोन लावला की कन्नड, असा तिचा संसार. त्यामुळे भाचीला लहानपणापासून एका शब्दाची गंमत वाटते. मराठीत ‘मळे’ म्हटले की भाजीपाल्याचे, आणि बेळगावच्या आजीच्या कन्नडात ‘मळे’ म्हणजे पाऊस! या पावसाचे वेड तिला असे लागले, की बारावीनंतर हवामानशास्त्रच शिकायचे म्हणून ती हटून बसली होती.

चहा होतो न होतो तोच दाजींनी एक गुळगुळीत माहितीपत्रक माझ्यापुढे ठेवले. एका खासगी संस्थेचा हवामानविषयक पदवी अभ्यासक्रम. शनिवारपर्यंत पैसे भरले तर जागा राखून ठेवणार होते. दाजी त्यासाठी मुदतठेव मोडायला निघाले होते. “तुम्ही प्राध्यापक, तुम्हीच सांगा,” म्हणाले.

मी चित्रे सोडून अभ्यासक्रमाचे पान काढले. सहा सत्रांत हवामानाचे पेपर दोन. गणित एका सत्रापुरते. भौतिकशास्त्र शोधूनही सापडेना. बाकी सगळे व्यवस्थापन आणि संवादकौशल्य.

मला उगाच शंका आली नाही. पूर्वी एका विद्यार्थ्याला मीच सांगितले होते, “गणित जड जाते ना? मग सोड, जीवशास्त्र घे.” पुढे त्याला हवामान खात्यात जायचे होते. अर्ज भरताना कळले की बारावीला गणित नाही, म्हणजे दारच बंद. तो मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

ही अट किती पक्की आहे ते पाहा. २०२२ साली भारतीय हवामान विभागाच्या वैज्ञानिक साहाय्यकांच्या ९९० जागांची जाहिरात निघाली. तीत बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही विषय मागितले होते. पदवी भौतिकशास्त्रासह विज्ञानाची चालत होती, संगणकाचीही चालत होती, पण प्रथम वर्ग हवा होता. ‘हवामानशास्त्राचीच पदवी हवी’ असे कुठेही म्हटलेले नव्हते.

पालकांचा घोटाळा नेमका इथे होतो. डॉक्टर व्हायला जसे मेडिकल कॉलेज, तसे बारावीनंतर हवामानाचेही कॉलेज असणार, असे आपण धरून चालतो. आपल्या देशात हा विषय मुख्यतः पदवीनंतर शिकवला जातो. पुणे विद्यापीठात वातावरण आणि अवकाश विज्ञानाचा विभाग आहे. कोचीच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात आणि विशाखापट्टणमच्या आंध्र विद्यापीठात हवामानशास्त्राची एम.एस्सी. होते. ‘गेट’ परीक्षेतही वातावरण व सागरी विज्ञानाचा एक विभाग असतो. आणखी एक खुलासा : पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे इंग्रजी लघुनाव ‘आयआयटीएम’ असल्याने अनेकांना ती आयआयटीच वाटते. ती १९६२ साली सुरू झालेली संशोधन संस्था आहे. तिथे बारावीनंतर बी.एस्सी.ला प्रवेश मिळत नाही.

सुलोचना गाडगीळ यांचे उदाहरण मी भाचीला सांगितले. मॉन्सूनच्या अभ्यासात ज्यांचे नाव जगभर घेतले जाते त्या या पुण्याच्या बाई. पण त्यांची पदवी फर्ग्युसन कॉलेजातली, मुख्य विषय रसायनशास्त्र, जोडीला भौतिकशास्त्र आणि गणित. मग उपयोजित गणित, मग हार्वर्ड. १९७१ साली परत येऊन आधी पुण्याची ही संस्था आणि १९७३ पासून बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था. मॉन्सूनचे ढगांचे पट्टे समुद्रावरून उत्तरेकडे कसे सरकतात, हे त्यांनी सिक्का यांच्याबरोबर उपग्रहांच्या चित्रांवरून १९८० साली दाखवले. पुढे कर्नाटकातल्या पावगडच्या भुईमूग शेतकऱ्यांबरोबर बसून पेरणी केव्हा करावी याचाही अभ्यास केला. २०२५ साली त्या गेल्या. हवामानाचे कॉलेज त्यांनी पदवीला कधी पाहिले नव्हते. गणित मात्र पक्के केले होते.

“मग मी इथेच राहू?” भाचीचा चेहरा पडला. इंदूर सोडून जाण्याचे स्वप्नही त्या माहितीपत्रकात होते, हे माझ्या उशिरा लक्षात आले.

पण इंदुरात काय कमी आहे? होळकर विज्ञान महाविद्यालय १८९१ सालचे. आणि भोपाळच्या वाटेवर जो सीहोर जिल्हा लागतो, तिथे सिलखेड्याला पुण्याच्या त्याच संस्थेने वातावरण संशोधनाचे मोठे केंद्र उभारले आहे. मार्च २०२४ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. जागा मध्य भारतात का निवडली? बंगालच्या उपसागरात तयार होणारे कमी दाबाचे पट्टे इकडूनच सरकतात आणि मॉन्सूनचा गाभा मानला जाणारा भाग हाच. म्हणजे पाऊस समजून घ्यायला शास्त्रज्ञ पुण्याहून भाचीच्या शेजारी आले आहेत.

तेव्हा कॉलेज निवडताना इमारत बघू नका. भौतिकशास्त्र आणि गणित शेवटच्या वर्षापर्यंत आहे का, ते विचारा. संगणकाची आज्ञावली लिहायला शिकवतात का, तेही विचारा, कारण आजचा अंदाज महासंगणकावर आकडेमोड करूनच निघतो. आणि मागच्या मुलांपैकी एम.एस्सी.ला कोण कुठे गेले, हे प्राचार्यांना नव्हे, तिथल्या मुलांनाच विचारा.

शनिवार आला आणि गेला. मुदतठेव शाबूत राहिली. भाचीने भौतिकशास्त्र, गणित आणि संगणक घेऊन इंदुरातच अर्ज भरला. आता भांडण तीन वर्षांनंतरचे सुरू आहे. अक्का म्हणते पुणे, कारण तिथून रात्रीच्या गाडीत बसले की सकाळी बेळगावला आजीपाशी. भाची म्हणते कोची, कारण मॉन्सून आधी केरळात पोहोचतो. दाजी वसतिगृहांचे दर विचारत बसले आहेत.