नेवासें तालुक्यांतील एक उपेक्षित दप्तर

नेवासें म्हटलें कीं संशोधकास शके १२१२ आणि लेखक सच्चिदानंदबाबा आठवतात. पोथ्यांच्या शोधांत प्रवरेचा कांठ आम्हीं वारंवार धुंडाळला. परंतु याच तालुक्यांतील लहान ख्रिस्ती देवळांच्या नोंदवह्यांकडे सहसा कोणाची दृष्टि जात नाहीं. त्या उघडण्यापूर्वीं त्या कोणत्या परंपरेच्या, हें ठरविलें पाहिजे.

या जिल्ह्यांतील दोन परंपरा येथें पाहूं. अमेरिकन मराठी मिशनानें १८३१ मध्यें अहमदनगरास ठाणें घातलें. पुढें नेवासें तालुक्यांतील वडाळें हें त्याचें एक केंद्र झालें. पक्ष्यांचे अभ्यासक म्हणूनही प्रसिद्ध असलेले पाद्री सॅम्युएल फेअरबँक तेथें पुष्कळ वर्षें राहिले. दुसरी परंपरा इंग्लंडच्या चर्चची, म्हणजे अँग्लिकन. तिच्या एस. पी. जी. संस्थेनें जिल्ह्यांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत काम आरंभिलें.

दप्तरांतील भेद कारभाराच्या भेदांतून आला आहे. अमेरिकन मिशनाची प्रत्येक मंडळी आपला कारभार सभासदांच्या मतानें पाही. म्हणून तेथें सभासदांची यादी व सभांचीं टिपणें महत्त्वाचीं. अँग्लिकन देऊळ बिशपाच्या अधिकाराखालीं. म्हणून तेथें बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या रकाने आखलेल्या वह्या. बाप्तिस्म्याच्या नोंदींत मुलाचें नांव, आईबापांचीं नांवें, राहण्याचें ठिकाण, बापाचा धंदा व पाद्र्याची सही हे रकाने असतात. १९२४ मध्यें अमेरिकन मिशनाच्या मंडळ्या उत्तर हिंदुस्थानांतील संयुक्त मंडळींत गेल्या. आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपूर येथें ती व अँग्लिकन मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियांत एक झाल्या. यास्तव देवळावरील आजच्या पाटीवरून जुन्या वहीचें मूळ ठरवूं नये.

या वह्यांचें मोल तें काय? १८७६-७८ च्या दुष्काळानंतर ख्रिस्ती झालेलीं कुटुंबें बहुतेक महार व मांग समाजांतलीं. गांवच्या जुन्या दप्तरांत त्यांच्या पुरुषांचा उल्लेख वतन वा चाकरी यांपुरता. स्त्रियांचा तर विरळाच. येथें मात्र आईचें नांव लिहिण्यास स्वतंत्र जागा आहे.

पोथीच्या अखेरीस लेखक तेल, पाणी व सैल बांधणी यांपासून तिचें रक्षण करण्याची विनंती करतो. या वह्यांसाठीं तशी विनंती कोणी लिहून ठेविलेली नसते. ती आम्ही करितों. संग्राहकांनीं त्या उचलून आणूं नयेत. त्या मंडळीच्या आहेत, आणि पणजीचें नांव शोधणाऱ्या पणतीस त्या गांवांतच सांपडल्या पाहिजेत. पाळकांच्या अनुमतीनें तेथेंच बसून नक्कल करावी, एवढेंच आमचें काम.