स्पीकरची दबलेली टोपी : कोन बदलण्याआधी एवढे करून पाहा

ओतूरसारख्या गावात लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदा बारा महिने सारखा चालत नाही. श्रावणी सोमवारची कपर्दिकेश्वराची यात्रा, गणपती, नवरात्र, पुढे लग्नसराई, चैत्रातल्या जत्रा आणि अधूनमधून उरूस व मिलादचे जलसे. शेजारचे नारायणगाव तर तमाशा फडांचे गाव. कमाई याच दिवसांत आणि सामानाची आदळआपट होते तीही याच दिवसांत. दोरीची गाठ, बांबूचे टोक किंवा एखाद्या पोराचे बोट लागून स्पीकरच्या मधोमध असलेली टोपी, म्हणजे डस्ट कॅप, आत दबते. गिऱ्हाईक भाडे पाडून मागते आणि मालक नवा कोन घालायला निघतो. पुष्कळदा या खर्चाची गरज नसते, असे आमचे सांगणे आहे.

१९२५ साली अमेरिकेत राईस आणि केलॉग यांनी ज्या धर्तीचा स्पीकर पुढे आणला, तीच रचना आजही चालते. चुंबकाच्या अरुंद फटीत तारेची कॉइल मागेपुढे हलते आणि कोनाला हलवते. त्या फटीत धूळ व लोखंडाचा कीस जाऊ नये, हे टोपीचे मुख्य काम. म्हणून नुसता खळगा पडला तर आवाजात सहसा फारसा फरक पडत नाही. टोपी फाटली, कडेने सुटली किंवा आतल्या लोखंडाला टेकली, तर मात्र खरखर येते.

आधी तपासणी करावी. अँप्लिफायर बंद करून तारा सोडवा. दोन्ही हातांची बोटे कोनावर समोरासमोर ठेवून तो अगदी हलका दाबा. घासल्याचा आवाज आला तर दोष कॉइलमध्ये आहे, टोपी सरळ करून भागणार नाही. मीटर लावला तर ८ ओहमच्या चांगल्या स्पीकरला साधारण ६ ते ७ ओहम दिसतात.

कॉइल ठीक असेल तर पुढील उपाय क्रमाने करावेत.

पहिला उपाय चिकटपट्टीचा. प्लास्टिकच्या किंवा पत्र्याच्या गुळगुळीत टोपीवर खळग्याच्या तळाशी पट्टी चिकटवून सरळ बाहेर ओढा. कागदी टोपीवर कडक पट्टी लावू नये, तंतू उपटून येतात.

दुसरा उपाय ओढीचा. कागदाची नळी टोपीवर टेकवून तोंडाने हवा ओढा. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर नळीच्या तोंडाशी बोटांची फट ठेवूनच वापरा; पूर्ण जोराने कोन फाटतो.

तिसरा उपाय सुईचा, कागदी व कापडी टोपीसाठी. बारीक सुईचे टोक किंचित वाकवून खळग्याच्या कडेला टोचा आणि हळू उचला. सुई घट्ट धरा, चुंबक ती खेचतो. नंतर छिद्रावर रबरी गोंदाचा एक थेंब द्या.

इतके करूनही जमले नाही तर टोपी कडेने ब्लेडने कापून काढा. उघड्या फटीत फुंकर मारू नका. पातळ चिकटपट्टी फिरवून कीस उचला. शेजारी कानस वा ड्रिल चालू नको. त्याच मापाची आणि तितक्याच वजनाची टोपी गोंदाच्या पातळ थराने बसवा व दिवसभर वाळू द्या. जड टोपीने आवाज बदलतो.

हे सर्व कोनाच्या स्पीकरसाठी आहे. कर्ण्याच्या युनिटमध्ये पडदा आत असतो. तो बिघडला तर बदलावाच लागतो.

एक गोष्ट व्यवहाराची. गिऱ्हाइकाचा स्पीकर दुरुस्तीला आला आणि दोष फक्त टोपीचा निघाला, तर कॉइलचे पैसे घेऊ नयेत. आपला जुना स्पीकर विकताना टोपी बदलली असेल तर तसे सांगूनच विकावा. धान्याच्या ढिगात हात घालून हजरत पैगंबरांनी (स.) आतला ओलावा दाखवला आणि भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे व्यापाऱ्याला विचारले, हा प्रसंग आपणा सर्वांना ठाऊक आहे. आपल्या बाजारपेठेत सगळेच एकमेकांना ओळखतात. दोष सांगून विकलेल्या मालाला भाव थोडा कमी येईल, पण तेच गिऱ्हाईक पुढच्या हंगामात पुन्हा आपल्याच दुकानी येईल.