घोड्याला हिंग, राजाला घोडा

रोमन स्वयंपाकघरात हिंग शिरला तो बदली कामगार म्हणून. कायमच्या जागेवर होती सिल्फियम. आजच्या लिबियात सायरीनी नावाची ग्रीक वसाहत होती. तिच्या आसपासच्या रानात ही वनस्पती आपोआप उगवायची. तिचा चीक जेवणात चाले, औषधात चाले, आणि त्यावर पैसा इतका मिळे की सायरीनीने तिचं चित्र थेट नाण्यांवरच उमटवलं. शेतात लावायला जावं, तर बाईसाहेब रुजायला तयार नाहीत! रोमन लेखक प्लिनी सांगतो की यादवी युद्धाच्या तोंडावर ज्यूलियस सीझरने सरकारी खजिन्यातून सोन्याचांदीसोबत 1500 पौंड सिल्फियमही बाहेर काढली. पुढे कुरणांच्या मक्त्याचा लोभ आणि मेंढरांची भूक यांनी मिळून तिचा फडशा पाडला. प्लिनीच्या काळात एकच काडी सापडली, ती नीरो बादशहाला नजर झाली. मग रोमनांनी इराणकडचा हिंग वापरून दुधाची तहान ताकावर भागवली.

आपल्याकडे मात्र हिंगाचा थाट पहिल्यापासून वेगळा. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने 1563 साली तिथेच छापलेल्या औषधींवरच्या ग्रंथात एक झकास किस्सा दिलाय. विजयनगरात एका पोर्तुगिजाकडे उमदा घोडा होता, पण त्याला पोटात वायू धरायचा. असला घोडा राजा कशाला घेईल? मालकाने त्याला पिठातून हिंग चारला. घोडा ठणठणीत! राजाने तो चांगली किंमत मोजून घेतला आणि विचारलं, कशाने बरा केलास? हिंगाने, म्हटल्यावर राजा म्हणाला की मग नवल कसलं, तू त्याला देवांचं अन्न दिलंस. त्यावर पोर्तुगीज आपल्या भाषेत हळूच पुटपुटला, की देवांचं कसलं, सैतानाचं म्हणा!

ओर्ताच्या नशिबी मात्र मेल्यावरही शांतता नव्हती. तो मूळचा ज्यू घराण्यातला, म्हणून इन्क्विझिशन या चर्चच्या धर्मन्यायालयाने 1580 मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. ग्रंथ तोवर लॅटिनमध्ये जाऊन युरोपभर पोचला होता.

आणि ज्या हिंगाविना आपली आमटी अडते, तो भारतात पिकतच नव्हता. अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून यायचा. हिमाचलातल्या लाहौलमध्ये लागवडीसाठी पहिलं रोप लावलं गेलं ते 2020 च्या ऑक्टोबरात.

इथल्या वनस्पतींवर ग्रंथ काढणारा ओर्ता एकटा नव्हता. त्याच्यानंतर शंभरेक वर्षांनी कोचीनच्या डच अधिकाऱ्याने, व्हान ऱ्हीडने, मलबारच्या वनस्पतींवर 12 खंडांचा ‘हॉर्टस मलबारिकस’ काढला. माहिती पुरवणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य होते, तसेच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तिघे कोंकणीही होते. मजकूर खरा असल्याचं या तिघांचं प्रमाणपत्र कोंकणीत आहे, नागरी लिपीत आहे, आणि छापलं गेलं 1678 मध्ये ॲमस्टरडॅमला! आपल्याकडे नागरी छपाई सुरू व्हायला अजून बराच अवकाश होता.

मसाल्यांत कोथिंबिरीचा मान जरा वेगळा: इजिप्तच्या तुतनखामेन राजाच्या थडग्यात धने सापडलेत. तीन हजारांहून अधिक वर्षांमागच्या राजाच्या शिदोरीतही मसाल्याचा विसर पडला नव्हता.

हळदीने तर कोर्टकचेरीच केली. जखमेवर हळद लावणं हा आपला शोध, असं म्हणत अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाने 1995 साली चक्क पेटंट मिळवलं. पी हळद आणि हो गोरी, इतकं सोपं वाटलं असावं! डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या भारतीय संशोधन संस्थेचे महासंचालक होते. संस्थेने जुन्या ग्रंथांचे आणि लेखांचे पुरावे मांडले. 1997 मध्ये पेटंट रद्द झालं.

औषधाचाच विषय निघाला, तर अंगणातली सदाफुली मूळची मादागास्करची. कॅनडातले संशोधक तिच्या पानांत मधुमेहावर औषध शोधत होते. उंदरांची साखर ढिम्म हलली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या. त्यातून 1958 मध्ये व्हिनब्लास्टिन हे कर्करोगावरचं औषध हाती आलं. मागोमाग आलेल्या व्हिन्क्रिस्टिनने ल्युकेमिया झालेल्या मुलांच्या उपचारांचं रूपच बदललं. म्हणून घरी पानं चावत बसू नका, ती विषारी असतात.

चावायचीच हौस असेल, तर सह्याद्रीत मिळणारा गुडमारचा वेल ओळखणाऱ्या जाणकाराला गाठा. पान चावल्यावर जिभेला गोड चव कळेनाशी होते. साखर वाळूसारखी लागते. साधारण अर्धा-एक तास पेढे, जिलबी सगळं फुकट. पंगतीत जिलब्यांची पैज लावणाऱ्या भिडूला आधी हे पान खिलवायला काय हरकत आहे?