चौकट : टॉवर मुका झाला तर…

पैनगंगा किंवा अडाण नदीच्या काठी नाला चढला की वावरात गेलेला माणूस पलीकडेच अडकतो. त्यात वीज गेली, टॉवरची बॅटरी उतरली, की मोबाइल मुका. वॉकीटॉकीला टॉवर लागतच नाही. एका संचातून दुसऱ्यात आवाज थेट जातो.

विकत घेण्याआधी एक गोष्ट नीट पाहा. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ पट्ट्यातले, कमी शक्तीचे आणि सरकारी मान्यता असलेले संच विनापरवाना वापरता येतात. परदेशी बनावटीचे अनेक स्वस्त संच या पट्ट्याबाहेर चालतात. ते परवान्याशिवाय वापरणे गुन्हा आहे. म्हणून खोक्यावरची फ्रिक्वेन्सी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

मोकळ्या शिवारात एक-दोन किलोमीटर आवाज पोचतो. मध्ये टेकडी किंवा दाट वस्ती आली की अंतर घटते. गच्चीवर चढले तर वाढते, पण विजा कडाडत असताना उंचावर किंवा उघड्यावर अजिबात जायचे नाही. बटण दाबा, क्षणभर थांबा, मग बोला. नाहीतर पहिलाच शब्द कापला जातो, आणि तो बहुधा नाव असतो.

लांबच्या संपर्कासाठी हॅम, म्हणजे हौशी रेडिओ. त्याला परीक्षा आणि परवाना लागतो. वयाची १२ वर्षे पूर्ण झालेली मुलेही परीक्षेला बसू शकतात. १९९३च्या किल्लारी भूकंपात हॅम मंडळींनी निरोप पोचवले होते.

घरात चॅनेल आणि बोलायची वेळ आजच ठरवा, संच चार्ज करून ठेवा. फोन लागत असेल, तर आधी ११२.