इश्पेमिंग : लोहखाणीचे नगर आणि त्याचा हिमक्रीडेचा वारसा

खाणींच्या आश्रयाने वाढलेल्या नगरांविषयी लिहिताना खनिज सापडले, वस्ती वाढली, खनिज सरले आणि वस्ती ओसरली, अशी मांडणी सर्रास केली जाते. ती चुकीची नाही. मात्र ती फार थोडे सांगते. अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या उत्तर द्वीपकल्पात, सुपीरियर सरोवराच्या दक्षिणेस वसलेले इश्पेमिंग हे लहानसे नगर या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. हे लोहखनिजावर जगलेले नगर. तरीही २१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्या देशातील स्की-क्रीडेच्या राष्ट्रीय संघटनेची स्थापना झाली ती येथेच. भोवती उत्तुंग पर्वत नाहीत. ठेंगण्या, खडकाळ टेकड्या तेवढ्या आहेत. असे असता हा मान एका खाणनगराकडे कसा आला, आणि पुढे त्याचे काय झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

या प्रदेशातील लोहखनिजाचा शोध होकायंत्राच्या बिघाडामुळे लागला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. १८४४ च्या सप्टेंबरात विल्यम बर्ट यांचे भूमापन-पथक टील सरोवराजवळ काम करीत असता चुंबकसूची एकाएकी भलतीकडे वळू लागली. कारण शोधताच लोहखनिज आढळले. पुढल्याच वर्षी जॅक्सन कंपनीच्या माणसांना खनिजाची जागा दाखविली ती ओजिब्वे जमातीच्या मार्जी-गेसिक यांनी. त्याबद्दल त्यांना कंपनीच्या खाणीत अल्पसा हिस्सा देण्याचे लेखी मान्य झाले होते. तो त्यांच्या हयातीत मिळाला नाही. त्यांची कन्या शार्लट कोबोगम हिने दावा लावला आणि १८८९ साली मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने ओजिब्वे रूढीप्रमाणे झालेला विवाह वैध धरून तिचा वारसाहक्क मान्य केला. नगराचे नावही ओजिब्वे भाषेतीलच. त्याचा अर्थ ‘उंचावरचे स्थान’. नाव राहिले, भूमी राहिली नाही.

१८५५ साली सू येथील कालवा खुला होऊन सुपीरियर सरोवरातील जहाजांना खालच्या सरोवरांकडे वाट मिळाली, आणि खाणींना मनुष्यबळाची निकड भासू लागली. इंग्लंडमधील कॉर्नवॉलहून मुरलेले खाणकामगार आले. पाठोपाठ आयरिश, स्वीडिश, नॉर्वेजियन, फिनिश व इटालियन लोक आले. यांपैकी नॉर्वे व फिनलंडच्या लोकांना स्की नवी नव्हती. हिमाच्छादित भूमीवर चालण्याचे ते त्यांचे नित्याचे साधन होते. १८८७ साली येथे स्की-मंडळ स्थापन झाले. त्याचे पहिले नावच ‘नॉर्डेन’, म्हणजे ‘उत्तरभूमी’ असे होते. नॉर्वेहून आलेले कार्ल टेलेफसेन हे या मंडळाचे धुरीण. १९०५ च्या राष्ट्रीय संघटनेचे पहिले अध्यक्षही तेच झाले.

येथे एक भौगोलिक मुद्दा ध्यानात घ्यावयास हवा. त्या काळी या मंडळांत मानाचा प्रकार होता तो उतारावरून वेगाने येऊन हवेत झेपावण्याचा, म्हणजे स्की-उड्डाणाचा. त्यासाठी पर्वतरांगा लागत नाहीत. एक बरा उतार, त्याच्या माथ्यावर उभारलेला मचाण, पुरेसा हिम आणि पाहावयास जमणारा समुदाय एवढे पुरते. या चारही गोष्टी खाणनगरात होत्या. इश्पेमिंग व शेजारचे निगॉनी यांच्यामधील टेकडीवर ‘सुइसाइड हिल’ हा उड्डाणमार्ग सिद्ध झाला आणि १९२६ पासून तेथे स्पर्धा भरू लागल्या. नाव भडक आहे खरे. ते वृत्तपत्रातून रूढ झाले. येथील फिनिश वंशाच्या बिएटिला बंधूंपैकी वॉल्टर १९३६ च्या ऑलिंपिकमध्ये उतरला. पॉल मात्र १९३९ साली स्पर्धेतील इजेने तरुणपणीच मृत्यू पावला.

त्याच १९२६ साली, ३ नोव्हेंबर रोजी, नगराच्या पश्चिमेकडील बार्न्स-हेकर खाणीत वरच्या दलदलीचे पाणी व वाळू कोसळून घुसली. ५१ माणसे दगावली. एकच जण शिडीने वर येऊन वाचला. बहुतेकांचे देह कधीच हाती लागले नाहीत आणि ती खाण पुन्हा उघडली गेली नाही. साहसाला टाळ्या मिळणारी टेकडी आणि साहसाशिवाय पोट न भरणारी खाण ही एकाच लोकवस्तीची दोन अंगे होती, हे क्रीडेच्या इतिहासकारांनी पुरेसे ध्यानात घेतलेले नाही असे आम्हांस वाटते.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर दोन्ही अंगे एकामागून एक नगरापासून दूर गेली. हलक्या प्रतीचे खनिज दळून, त्यातील लोहांश वाढवून, त्याच्या गोळ्या भाजण्याची पद्धत १९५० नंतरच्या दशकांत रुळली, आणि भूमीखालच्या चिंचोळ्या गाळ्यांपेक्षा गावाबाहेरच्या विस्तीर्ण उघड्या खाणी किफायतशीर ठरल्या. नगराच्या पोटात चालणारी क्लिफ्स शाफ्ट ही खाण १९६७ साली बंद पडली. उघड्या खाणींपैकी एम्पायरचे काम २०१६ साली थांबले. टिल्डन चालू आहे. तिकडे स्की-क्रीडेतही उंच डोंगरांवरून उतरण्याच्या प्रकारास महत्त्व आले. यांत्रिक पाळण्यांनी माणसे शिखरावर पोचू लागली, तेव्हा पश्चिमेकडील पर्वतांपुढे मिशिगनच्या टेकड्या तोकड्या पडल्या. संघटनेचे कार्यालयही आज यूटा राज्यातील पार्क सिटी येथे आहे. खनिज व क्रीडा, दोघांनाही मोठे प्रमाण हवे झाले. ते या नगरापाशी नव्हते.

उरले ते वारशाचे. राष्ट्रीय स्की संग्रहालय १९५४ साली येथे उभे राहिले आणि आजही येथेच आहे. क्लिफ्स शाफ्टवरील सूच्याकार स्तंभांसारखे काँक्रीटचे दोन मनोरेही (१९१९) आता खाण-संग्रहालयात जतन केलेले आहेत. मात्र संग्रहालये खाणीची जागा भरून काढतात, हा समज आकडे पाहता टिकत नाही. १९०० साली नगराची वस्ती तेरा हजारांवर होती. २०२० च्या जनगणनेत ती सहा हजारांच्या आसपास आली.

या विषयावर प्रबंध करू इच्छिणाऱ्यास एक वाट सुचवावीशी वाटते. अमेरिकन जनगणनेची घरवार पत्रके ७२ वर्षांनी अभ्यासकांना खुली होतात, आणि १९५० ची पत्रके २०२२ साली खुली झाली. त्यांत प्रत्येकाचे जन्मस्थान व व्यवसाय नोंदलेले आहेत. स्पर्धकांच्या छापील याद्या या पत्रकांशी ताडून पाहिल्यास उड्डाण करणाऱ्यांपैकी खाणीत उतरणारे किती होते, हे अनुमानावर न सोडता मोजता येईल.