मुरूड : मंडलिकांचं आणि कर्व्यांचं

दापोलीहून आसूदचा उतार संपला की हवा बदलते. दापोलीचा गारवा मागे राहतो, खारा वारा लागतो आणि दहा-बारा किलोमीटरवर मुरूड येतं. पर्यटक किनाऱ्याकडे वळतात, डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्या शोधतात. गाव मात्र त्याच्या अलीकडे आहे. मधून गेलेला रस्ता, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, आत नारळी-पोफळीच्या वाड्या आणि प्रत्येक वाडीत झाडाच्या आळ्यापर्यंत पोहोचणारा पाट. ही मांडणी आपोआप झालेली नाही. गाव आखून वसवलेलं आहे आणि ते कसं वसलं, याचा जुना कागद याच गावच्या एका माणसाने अभ्यासकांपुढे ठेवला.

त्यांचं नाव रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक. जन्म मुरूडचा, १८३३ सालचा. शिक्षण रत्नागिरीत आणि मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये. काही वर्षं सरकारी चाकरी केल्यावर ती सोडून त्यांनी हायकोर्टात वकिली सुरू केली आणि १८६४ मध्ये ‘नेटिव्ह ओपिनियन’ हे पत्र काढलं. त्या काळी मुंबईचं राजकारण धंद्यात नाव कमावलेल्या माणसांनीच उभं केलं. ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेले डॉ. भाऊ दाजी लाड बॉम्बे असोसिएशनचे चिटणीस झाले. मंडलिक वकिलीतून मुंबई महापालिकेत आणि १८७४ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात गेले. १८८४ मध्ये थेट व्हाइसरॉयच्या कौन्सिलात. कोकणातल्या एका वाडीतून तिथवर जाणं ही लहान गोष्ट नव्हे.

इतक्या व्यापातही त्यांनी मुरूडच्या स्थापनेच्या कागदावर निबंध लिहिला. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात तो १८६५ च्या सुमारास छापून आला. ताम्रपट आणि लेणी यांत विद्वान गुंतलेले असताना एका साध्या गावाच्या वसाहतीला इतिहासाचा मान देणं, हे मला त्यांच्या सगळ्या पदांपेक्षा मोठं वाटतं.

मंडलिक धर्मशास्त्राचे गाढे अभ्यासक. ‘व्यवहारमयूख’ आणि ‘याज्ञवल्क्यस्मृती’ त्यांनी इंग्रजीत आणली. समाजाच्या चालीरीतींत सरकारने कायद्याने हात घालू नये, हे त्यांचं ठाम मत होतं आणि सुधारकांशी त्यांचं जुळलं नाही. १८८९ मध्ये ते वारले.

चारच वर्षांनी, १८९३ मध्ये, याच गावच्या धोंडो केशव कर्व्यांनी विधवा गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. गावाने बहिष्कार घातला. ज्या धोंडूला सोमण गुरुजींनी दुर्गादेवीच्या देवळात लोकांना वर्तमानपत्र वाचून दाखवायला बसवलं होतं, त्यालाच गावाने पंक्तीबाहेर काढलं. घाव सोसला तो गावात राहणाऱ्या आईने आणि भावाने. कर्व्यांनी गावाशी नातं तोडलं नाही. १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं आणि मुरूड ‘महर्षी कर्व्यांचं गाव’ झालं. ते रास्तच आहे. पुनर्विवाहाच्या प्रश्नावर कर्वे बरोबर होते, हे निःसंकोच म्हणायला हवं.

पण म्हणून मंडलिकांना विसरावं का? आपल्याला न पटलेल्या बाजूचा माणूसही गावाचाच असतो, आणि या माणसाने तर गावाची जन्मकथा अभ्यासाला आणली. दुर्गादेवीच्या देवळातले कोरीव लाकडी खांब पाहायला आलेला माणूस तिथे घटकाभर थांबतोच. त्या निबंधाचा मराठी सारांश गावकऱ्यांनी देवळाच्या आवारात लावावा आणि दापोलीच्या शाळांनी मुलांना तो वाचायला तिथे आणावं.