झिरोचा बल्ब खरंच झिरो असतो का?

गुलमंडीतल्या दुकानात ‘साठचा बल्ब द्या’ म्हणालात, तर दुकानदार बहुधा नऊ वॅटचा एलईडीच काढून देईल. २०१५ मध्ये ‘उजाला’ योजना आली आणि स्वस्त एलईडी घरोघर पोचले. छत्रपती संभाजीनगरच्या घरांतून पिवळे बल्ब गेले, पण त्यांच्याबद्दलच्या काही समजुती अजून गेलेल्या नाहीत.

गैरसमज १ : झिरोचा बल्ब वीज खात नाही.
वस्तुस्थिती : ‘झिरो’ हे नुसतं नाव आहे. देवघरातला तो लाल बल्ब १२ ते १५ वॅट घेतो. पटत नसेल, तर फ्रीज, टीव्ही, वायफाय यांच्यासकट घरातलं सगळं बंद करा, तेवढा एक बल्ब लावा आणि मीटरसमोर उभे राहा. मीटरवर ३२०० इम्पल्स लिहिलं असेल, तर १५ वॅटच्या बल्बला त्यातला बारीक लाल दिवा दर सव्वा मिनिटाला लुकलुकेल. ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. रोज १० तासांच्या हिशेबाने वर्षाला सुमारे ५५ युनिट होतात. सगळी खोली उजळणारा नऊ वॅटचा एलईडी याहून कमी खातो!

गैरसमज २ : वॅट जास्त, तेवढा उजेड जास्त.
वस्तुस्थिती : वॅट हा विजेचा खर्च, उजेड मोजतात ल्युमेनमध्ये. साठच्या पिवळ्या बल्बचे साधारण ७०० ल्युमेन, तर नऊ वॅटच्या चांगल्या एलईडीचे ९००. पिवळ्या बल्बची नव्वद टक्क्यांहून जास्त वीज उष्णतेत जाते. मे महिन्यात कूलर लावायचा आणि डोक्यावर ही छोटी शेगडीही पेटवायची, असा तो प्रकार.

गैरसमज ३ : ट्यूब सारखी चालू-बंद केली की बिल वाढतं.
वस्तुस्थिती : सुरू होताना ती जास्त वीज ओढते, पण क्षणभरच. वारंवार चालू-बंद केल्याने जुन्या ट्यूबचं आणि सीएफएलचं आयुष्य घटतं, एवढं खरं. एलईडीला तोही त्रास नाही.

गैरसमज ४ : एलईडी तापत नाही, कुठेही बसवा.
वस्तुस्थिती : समोरून तो गार लागतो, पण बुडातलं सर्किट तापतं. बंद काचेच्या डब्यात कोंडला, तर लवकर जातो.

दिवा घेताना खोक्यावरचे ल्युमेन आणि बीईईचे स्टार बघा. आणि एकच दिवा बदलायचा असेल, तर आधी रात्रभर जळणारा झिरो बदला.